स्प्रेडशीटवर मटेरियल सायन्स शिकवताना: सूत्र उघडं ठेवा, अंदाज आधी लिहून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी डिफ्यूजनची (अणूंच्या पसरण्याची) समीकरणं आणि फेज डायग्राम (कुठल्या तापमानाला आणि रचनेला पदार्थ कोणत्या अवस्थेत असतो त्याचा नकाशा) पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, पण पोलादात कार्बन आत कसा जातो असं विचारलं की गप्प होतात. महागडं सॉफ्टवेअर हाताशी नाही, प्रोग्रॅमिंग सगळ्यांना येत नाही. अशा वेळी साध्या स्प्रेडशीटवर सिम्युलेशन करून शिकवता येईल का, सुरुवात कुठून करावी, आणि तयार फाइल द्यावी की विद्यार्थ्यांकडून बनवून घ्यावी?

शिकवता येईल, आणि सुरुवात डिफ्यूजनपासून करावी. तयार फाइलबद्दल माझं मत ठाम आहे: पहिलं सिम्युलेशन तरी विद्यार्थ्याने कोऱ्या शीटवर स्वतः उभं करायला हवं. स्प्रेडशीटपेक्षा देखणी ॲनिमेशन इतरत्र भरपूर मिळतात. स्प्रेडशीटचं बळ वेगळं आहे: कुठल्याही सेलवर क्लिक केलं की तो आकडा कुठून आला ते सूत्र समोर दिसतं. कुलूपबंद शीट, लपवलेले कॉलम आणि रंगीत बटणं लावून हे बळ शिक्षकच घालवून बसतात. मग विद्यार्थी स्लायडर डावी-उजवीकडे ओढतो, रेघ वरखाली होते, तास छान जातो, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

डिफ्यूजनसाठी संगणक उघडण्याआधी वही उघडायला लावा. आडव्या ओळीत पाच चौकटी काढायच्या. पहिली चौकट म्हणजे पोलादाचा पृष्ठभाग, तिथे कार्बनचं प्रमाण कायम १ धरायचं. बाकी चारही चौकटींत ०. नियम एकच: प्रत्येक पायरीला चौकटीतल्या अणूंपैकी पाव हिस्सा डावीकडे उडी मारतो, पाव हिस्सा उजवीकडे, आणि अर्धे अणू जागेवर राहतात. या नियमाने खालच्या ओळी हातानेच भरायच्या. दुसऱ्या चौकटीत पहिल्या पायरीनंतर ०.२५ येतात, दुसरीनंतर ०.३७५, तिसरीनंतर साधारण ०.४५३. वाढ चालू आहे, पण दर वेळी घटत चालली आहे: आधी ०.२५, मग ०.१२५, मग ०.०७८. वर्गात इथेच थांबा आणि दोन प्रश्न विचारा. वाढ मंदावली का? आणि डावीकडे व उजवीकडे जाण्याची शक्यता सारखीच असताना कार्बन एकूण उजवीकडेच का सरकला?

दुसऱ्या प्रश्नावर वर्ग बराच वेळ अडकतो, आणि तो वेळ सत्कारणी लागतो. एकाही अणूला आपण जास्तीकडून कमीकडे जातोय हे ठाऊक नसतं. डावीकडे अणू जास्त आहेत, म्हणून डावीकडून येणारे जास्त. बस, एवढंच. प्रमाणातला उतार जितका तीव्र तितका प्रवाह जास्त, हा फिकचा पहिला नियम इथे विद्यार्थ्याच्या हातून, पेन्सिलीने, निघालेला असतो. पुस्तकातलं समीकरण त्यानंतर दाखवा. तेव्हा ते ओळखीचं वाटतं.

आता हाच नियम शीटमध्ये न्यायचा. आडव्या दिशेने कॉलम म्हणजे खोली, वरून खाली ओळी म्हणजे वेळ. वर डाव्या कोपऱ्यात फक्त बदलायच्या किमती ठेवा: तापमान, पृष्ठभागावरचं कार्बनचं प्रमाण, मूळ पोलादातलं प्रमाण, खोलीची पायरी, वेळेची पायरी. त्यांच्याखाली डिफ्यूजन गुणांक, म्हणजे अणू किती झपाट्याने पसरतात तो आकडा, सूत्राने काढा. ऑस्टेनाइटमधल्या (तापलेल्या पोलादाच्या अवस्थेतल्या) कार्बनसाठी पाठ्यपुस्तकांत नेहमी दिसणाऱ्या किमती घ्या: पूर्वगुणक २.३ गुणिले १० चा उणे ५ वा घात, चौरस मीटर प्रति सेकंदात, आणि सक्रियण ऊर्जा १४८ किलोज्यूल प्रति मोल. तापमान १२०० केल्व्हिन, म्हणजे ९२७ अंश सेल्सियस ठेवलं की गुणांक साधारण ८.३ गुणिले १० चा उणे १२ वा घात येतो. खोलीची पायरी ०.०५ मिलिमीटर आणि वेळेची पायरी १२० सेकंद ठेवा. मग गुणांक गुणिले वेळेची पायरी भागिले खोलीच्या पायरीचा वर्ग हा आकडा जवळजवळ नेमका ०.४ येतो. वर्गात मी याला 'उडीचा वाटा' म्हणतो, कारण वहीतल्या पाव हिश्श्याची जागा आता याने घेतलेली असते.

प्रत्येक सेलचं सूत्र वहीतल्यासारखंच: वरच्या ओळीतला स्वतःचा आकडा, अधिक उडीचा वाटा गुणिले (डावा शेजारी उणे स्वतःची दुप्पट अधिक उजवा शेजारी). उडीच्या वाट्याच्या सेलला डॉलर चिन्ह लावून पत्ता पक्का करायचा, सूत्र एकदा लिहायचं आणि ओढून खाली व उजवीकडे भरायचं. खोली २ मिलिमीटर धरली तर ४० पायऱ्या, आठ तासांसाठी २४० ओळी. शेवटच्या कॉलमला उजवा शेजारी नाही, म्हणून तिथलं सूत्र वेगळं: फक्त डाव्या शेजाऱ्याशी देवाणघेवाण. याचा भौतिक अर्थ असा की त्या टोकातून कार्बन बाहेर जात नाही. हे सूत्र विद्यार्थ्याला सांगू नका, शोधायला लावा. कडेला काय होतं हे ठरवल्याशिवाय कुठलंही डिफ्यूजनचं गणित पुरं होत नाही, आणि ही गोष्ट समीकरण पाठ करताना कुणाच्याच लक्षात येत नाही.

मूळ प्रमाण ०.२ टक्के आणि पृष्ठभागावर १.० टक्के ठेवलं, तर आठ तासांनी अर्ध्या मिलिमीटर खोलीवर साधारण ०.५८ टक्के कार्बन दिसतो. एरर फंक्शनचं, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या तयार समीकरणाचं, उत्तर शेजारच्या ओळीत काढून पाहा, दोन्ही जुळतात. तयार समीकरण आणि आपण घडवलेली उड्यांची गोष्ट एकाच आकड्यावर येतात, हे विद्यार्थ्याने स्वतः पडताळलं की दोन्हींवर त्याचा विश्वास बसतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांना सांगा, तापमान ५० अंशांनी वाढवा. १२५० केल्व्हिन टाकताच शीट फुटते: एका सेलमध्ये प्रचंड धन आकडा, शेजारी प्रचंड ऋण, आलेख करवतीच्या दातांसारखा. पहिली प्रतिक्रिया असते, "सर, फाइल खराब झाली." फाइल ठीक आहे. तापमान वाढल्याने डिफ्यूजन गुणांक साधारण १.८ पट झाला आणि उडीचा वाटा ०.७२ वर गेला. आता वहीतल्या नियमाकडे परत चला: ७२ टक्के अणू डावीकडे, ७२ टक्के उजवीकडे, मग जागेवर किती राहिले? उणे ४४ टक्के. असे अणू जगात नसतात. उडीचा वाटा ०.५ च्या वर जाऊ द्यायचा नाही, ही अट संख्यात्मक पद्धतींच्या पुस्तकात स्थिरतेची अट म्हणून येते आणि तिथे तिची सिद्धता बरीच लांबलचक असते. इथे ती दहा मिनिटांत, अणूंची मोजदाद करून समजते. या शीटमध्ये ती मर्यादा साधारण १२१८ केल्व्हिनला येते. नेमकं तापमान विद्यार्थ्यांनी शोधावं, आणि मग वेळेची पायरी किती कमी करायची ते ठरवावं. भौतिक अडचण कोणती आणि आपल्या गणिताची अडचण कोणती, हा भेद ज्याला इथे कळला, तो पुढे कुठलंही मोठं सॉफ्टवेअर वापरताना आंधळेपणाने रंगीत चित्रावर विसंबणार नाही.

म्हणून उडीचा वाटा ०.५ च्या वर गेला की सेल आपोआप लाल होईल अशी सोय पहिल्या दिवशी करू नका. आधी शीट फुटू द्या.

शीट उभी राहिली की तिच्याकडून अशा गोष्टी करून घेता येतात ज्या एरर फंक्शनच्या सूत्राला सहज जमत नाहीत. पृष्ठभागाच्या कॉलममध्ये पहिल्या चार तासांसाठी १.० आणि पुढे ०.८ टाका. कार्ब्युरायझिंगच्या (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन भरण्याच्या) भट्टीत प्रत्यक्ष हेच करतात: आधी जास्त कार्बन देऊन आत ढकलायचा, मग पृष्ठभागावरचं प्रमाण उतरवून तो आत पसरू द्यायचा. किंवा शेवटचे दोन तास पृष्ठभाग शून्यावर ठेवा, डीकार्ब्युरायझेशन, म्हणजे कार्बन बाहेर जाणं, झालं. त्या वेळी कार्बनचं सगळ्यात जास्त प्रमाण पृष्ठभागापासून थोडं आत सरकतं आणि तिथून कार्बन दोन्ही बाजूंना वाहतो. हे चित्र पाहून अनेक विद्यार्थी थबकतात. प्रत्येक ओळीला स्वतःचं तापमान दिलं तर भट्टी तापताना आणि थंड होताना काय होतं तेही दिसतं. यातल्या कुठल्याही बदलाला नवं गणित लागत नाही. एका कॉलममधले आकडे बदलायचे, एवढंच.

वेळ आणि खोलीचं नातंही इथेच पक्कं करून घ्या. विचारा: ०.५८ टक्के कार्बन अर्ध्या मिलिमीटरवर पोचायला आठ तास लागले, तर एक मिलिमीटरवर तेवढाच पोचायला किती? बहुतेक जण १६ लिहितात. उत्तर ३२. आता जो विद्यार्थी मेहनतीने ओळी ९६० पर्यंत वाढवेल, त्याला ०.५८ ऐवजी ०.६० मिळेल, आणि तो गोंधळेल. कारण पृष्ठभागावरून निघालेला कार्बन एव्हाना २ मिलिमीटरवरच्या बंद टोकाला पोचून तिथे साठायला लागला आहे, तर एरर फंक्शनचं उत्तर मात्र पोलाद अनंत जाड आहे असं मानून काढलेलं आहे. 'अर्ध-अनंत' हा शब्द पाठ्यपुस्तकात सगळे वाचतात. त्याचा अर्थ या ०.०२ टक्क्याच्या फरकातून उमगतो.

याच शीटला जोडून एक छोटी यादृच्छिक भटकंती करायला द्या. प्रत्येक कॉलम एक अणू, प्रत्येक ओळ एक उडी. रँडम आकडा ०.५ पेक्षा कमी आला तर उणे १, नाहीतर अधिक १. पाचशे अणू, शंभर उड्या. सरासरी जागा शून्याच्या आसपास राहते, पण अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ १० च्या जवळ येतं. एफ९ दाबलं की सगळे अणू नव्याने भटकतात, आकडे थोडे हलतात, पण १० च्या आसपासच राहतात. चौपट वेळ, दुप्पट अंतर: हे सूत्र कुठून आलं ते इथे मुळापासून दिसतं.

आता फेज डायग्राम. इथे बहुतेक जण लिव्हर रूलची (दोन फेजांचा वाटा काढण्याच्या नियमाची) शीट करून थांबतात: तांबे-निकेल मिश्रधातू, ४० टक्के निकेल, १२५० अंश सेल्सियस, द्रवात साधारण ३१.५ आणि घनात ४२.५ टक्के निकेल, म्हणजे घन सुमारे ७७ टक्के. सरावासाठी ठीक आहे, पण ते कॅल्क्युलेटरचं काम. शीटचा खरा उपयोग एक पायरी मागे आहे: डायग्राममधल्या रेषा मुळात येतात कुठून, हे दाखवण्यात.

त्यासाठी रेग्युलर सोल्युशनचं, म्हणजे दोन घटकांच्या मिश्रणाची ऊर्जा काढण्याचं साधं, मॉडेल घ्या. एका कॉलममध्ये रचना, म्हणजे एका घटकाचा वाटा, ०.०१ ते ०.९९. शेजारी मिश्रणाची एन्थाल्पी (घटकांच्या परस्परक्रियेची ऊर्जा), म्हणजे परस्परक्रियेचा गुणांक गुणिले रचना गुणिले (एक उणे रचना). तिसऱ्या कॉलममध्ये एन्ट्रॉपीचा (अणूंच्या सरमिसळीचा) भाग, चौथ्यात बेरीज, म्हणजे मुक्त ऊर्जा. गुणांक २० किलोज्यूल प्रति मोल ठेवा. तिन्ही वक्र एकाच आलेखावर काढा आणि तापमान हळूहळू उतरवा. वर एकच खोलगट खड्डा असतो. साधारण १२०३ केल्व्हिनच्या खाली मधोमध उंचवटा उगवतो आणि दोन खड्डे पडतात. मिश्रण एकसंध राहण्यापेक्षा दोन फेजमध्ये फुटलं तर ऊर्जा कमी होते, ती ही जागा. ९०० केल्व्हिनला खड्ड्यांचे तळ ०.११ आणि ०.८९ वर येतात, आणि वक्राचा बाक बदलतो ते बिंदू, म्हणजे स्पायनोडल, ०.२५ आणि ०.७५ वर. प्रत्येक गटाला एक तापमान वाटून द्या, प्रत्येकाने आपले चार बिंदू फळ्यावर आणून मांडायचे. तासाच्या शेवटी फळ्यावर अख्खा मिसिबिलिटी गॅप (दोन घटक एकजीव राहत नाहीत तो प्रदेश) उभा राहतो, आणि तो वर्गाने काढलेला असतो.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. कुणीतरी रचना ० पासून सुरू करेल आणि सेलमध्ये एरर येईल, कारण शून्याचा लॉगॅरिथम नसतो. "०.०१ पासून घे" म्हणून विषय मिटवू नका. ०.०१, ०.००१, ०.०००१ असं जवळ जवळ जायला सांगा आणि वक्राचा उतार पाहायला लावा. शून्यापाशी एन्ट्रॉपीच्या वक्राचा उतार अनंताकडे जातो, म्हणून अशुद्धीचा पहिला कण आत शिरला की ऊर्जा कमीच होते, मग परस्परक्रिया कितीही प्रतिकूल असो. शंभर टक्के शुद्ध पदार्थ बनवणं इतकं अवघड का, याचं उत्तर त्या एररमध्ये दडलेलं आहे. दुसरी गोष्ट गोल सीकची, म्हणजे हवं ते उत्तर येईल असा आकडा शोधून देणाऱ्या स्प्रेडशीटच्या सोयीची. तळ शोधायला उतार शून्य करायचा, पण सुरुवातीचा आकडा ०.५ च्या जवळ दिला तर गोल सीक तिथेच समाधान मानतो, कारण मधल्या उंचवट्याच्या माथ्यावरही उतार शून्यच असतो. सुरुवात ०.०५ च्या आसपासून करायची. आणि वक्र दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर नुसता शून्य उतार पुरत नाही. सामाईक स्पर्शिका काढावी लागते, त्यासाठी सॉल्व्हर (एकाच वेळी अनेक आकडे शोधणारी सोय) आणि दोन अज्ञात. ते पुढच्या सत्रात.

बाकी विषय झटपट सांगतो. टेन्साइल टेस्टसाठी (धातू ओढून ताणण्याच्या चाचणीसाठी) ट्रू स्ट्रेस (त्या क्षणीच्या क्षेत्रफळावर काढलेला ताण) म्हणजे गुणांक गुणिले ट्रू स्ट्रेनचा घात, हे नातं घेऊन शेजारी इंजिनियरिंग स्ट्रेस (मूळ क्षेत्रफळावरचा ताण) काढा. गुणांक ५०० मेगापास्कल आणि घातांक ०.२ ठेवला तर ट्रू स्ट्रेन ०.२ ला इंजिनियरिंग वक्र शिखर गाठतो, सुमारे २९७ मेगापास्कलवर, तर ट्रू स्ट्रेस तिथे ३६२ असतो आणि पुढेही चढतच राहतो. "शिखरानंतर धातू कमकुवत होतो" हा गैरसमज यापेक्षा सोप्या रीतीने जाताना मी पाहिलेला नाही. व्हेकन्सीसाठी (स्फटिकातल्या अणूंच्या रिकाम्या जागांसाठी) तांब्याची ०.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ही ऊर्जेची किंमत घ्या: १००० अंश सेल्सियसला दर दहा हजार जागांमागे दोन-तीन रिकाम्या, आणि खोलीच्या तापमानाला जवळजवळ १० चा उणे १५ वा घात. इथे उभा अक्ष लॉगॅरिथमिक ठेवणं भाग आहे. नाहीतर काहीच दिसत नाही, आणि का दिसत नाही यावरच पाच मिनिटं बोलता येतं. फेज बदलाच्या वेगासाठी अव्रामीचं समीकरणही छान बसतं, विशेषतः प्रयोगाचे आकडे असतील तर.

शीट बांधताना काही खाचखळगे माहीत असलेले बरे. सगळ्यात पहिला आलेखाच्या अक्षांचा. स्प्रेडशीट अक्षांची मर्यादा आपोआप बदलते, त्यामुळे आकडे दुप्पट झाले तरी रेघ तिथल्या तिथेच दिसते आणि विद्यार्थ्याला वाटतं काहीच बदललं नाही. अक्षांची किमान-कमाल किंमत हाताने पक्की करा, दर वेळी. आलेखाचा प्रकार 'स्कॅटर' हवा. 'लाइन' घेतला तर आडव्या अक्षावरच्या किमती नुसत्या लेबलांसारख्या समान अंतरावर मांडल्या जातात. गुळगुळीत रेघेचा पर्याय टाळा, कारण तीव्र वळणापाशी तो डेटात नसलेले फुगवटे काढतो.

दुसरा खळगा उणे चिन्हाचा. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क, तिन्हींत सूत्राच्या सुरुवातीचं उणे चिन्ह घातांकाच्या आधी लागू होतं. म्हणजे 'उणे २ चा वर्ग' लिहिलं तर उत्तर अधिक ४ येतं. पातळ थरातून होणाऱ्या डिफ्यूजनचं घंटेच्या आकाराचं सूत्र लिहिताना यामुळे घातांक धन होतो आणि स्रोतापासून दूर जावं तसं प्रमाण वाढताना दिसतं. कंस घाला: उणे, मग कंसात वर्ग. हा दोष आलेखात लगेच दिसतो, म्हणून तो तितका घातक नाही.

घातक दोष एककांचा असतो. तापमानाच्या जागी केल्व्हिनऐवजी सेल्सियसमध्ये ९२७ टाकले तर कुठलाही एरर येत नाही. डिफ्यूजन गुणांक जवळजवळ ऐंशी पट कमी होतो, आलेख अगदी सुबक, नीट उतरत जाणारा येतो. फक्त कार्बन नऊ पट कमी खोल गेलेला असतो. रेग्युलर सोल्युशनच्या शीटमध्ये वायुस्थिरांक ज्यूलमध्ये आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये, हाही असाच गुपचूप बसणारा दोष. म्हणून प्रत्येक किमतीच्या शेजारच्या सेलमध्ये तिचं एकक लिहिण्याची सक्ती करा. आणि एक पडताळणीचा आकडा ठेवा: डिफ्यूजन गुणांक गुणिले वेळ, याचं वर्गमूळ. कार्बन किती खोल जायला हवा याचा तो ढोबळ अंदाज आहे, आणि आलेख त्याच्याशी जुळत नसेल तर शोध सुरू करायचा.

स्लायडरबद्दल लोक खूप विचारतात. एक्सेलमधला स्क्रोलबार फक्त पूर्णांक देतो, ० ते ३०००० दरम्यान. दशांश हवे असतील तर तो एका वेगळ्या सेलला जोडा आणि दुसऱ्या सेलमध्ये त्याला १०० ने भागा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही स्क्रोलबार आहे. गूगल शीट्समध्ये तो अंगभूत नाही, ड्रॉपडाउन वापरा. पण सुरुवातीच्या सत्रांत मी स्लायडर मुद्दाम देत नाही. आकडा टाइप करायचा म्हटलं की विद्यार्थ्याला आधी आकडा ठरवावा लागतो, आणि ठरवताना विचार होतो. रेग्युलर सोल्युशनच्या शीटमध्ये मात्र स्लायडर हवाच, कारण उंचवटा उगवताना पाहणं हाच तिथे अनुभव आहे. मॅक्रो (शीटमागे चालणारे छोटे प्रोग्रॅम) टाळा: अनेक संगणकांवर ते बंद केलेले असतात, आणि सूत्र पुन्हा पडद्याआड जातं.

वर्गात वापरण्याची रीत एका ओळीत सांगता येते: बदल करण्याआधी अंदाज कागदावर, पेनने. आकडा नको, रेघ काढा. तापमान वाढवल्यावर वक्र कुठे जाईल ते काढा, शेजाऱ्याला दाखवा, मतभेद असतील तर भांडा, आणि मगच एंटर दाबा. अंदाज न लिहिता उत्तर पाहिलं की प्रत्येकाला वाटतं, "हे मला माहीतच होतं." लिहिलेला अंदाज चुकला तर मात्र विद्यार्थी स्वतःहून सूत्रात डोकं घालतो, कारण आता ते प्रकरण त्याचं स्वतःचं झालेलं असतं. संगणक कमी असतील तर अडत नाही. एक प्रोजेक्टर आणि तीन-तीन जणांचे गट पुरतात. खरं काम कागदावर होतं. मोबाइलवर मात्र मोठी शीट बांधायला देऊ नका. तयार शीट पाहायला चालतो, २४० ओळी ओढायला तो उपयोगाचा नाही.

कुठे थांबायचं तेही सांगतो. क्रिस्टलची त्रिमितीय रचना, डिसलोकेशनची (क्रिस्टलमधल्या रेषेसारख्या दोषांची) हालचाल, दाण्यांची वाढ: हे स्प्रेडशीटवर ओढूनताणून बसवता येतं, पण सूत्रं इतकी गुंतागुंतीची होतात की सेलवर क्लिक करून काहीच कळत नाही. जिथे एका सेलचं सूत्र विद्यार्थ्याला मोठ्याने वाचून समजावता येत नाही, तिथे दुसरं साधन घ्या; रचनेसाठी गोळे आणि काड्यांचं मॉडेल हातात द्या. आणि प्रयोगशाळेला हा पर्याय धरू नका. कार्ब्युराइज केलेल्या तुकड्याची खोलीनुसार कडकपणाची मोजणी जमत असेल तर तिचे आकडे शीटच्या आलेखाशेजारी मांडा. अर्थात कडकपणा म्हणजे थेट कार्बनचं प्रमाण नव्हे, तो थंड करण्याच्या वेगावरही ठरतो. दोन वक्र जुळत नाहीत तिथली चर्चा फार फलदायी होते. शिवाय आपल्या शीटमध्ये डिफ्यूजन गुणांक सगळीकडे एकच धरलाय, तर ऑस्टेनाइटमध्ये तो कार्बनच्या प्रमाणाबरोबर वाढतो. हुशार गटाला ही सुधारणा करायला द्या. तिथे प्रत्येक दोन शेजाऱ्यांमधला प्रवाह वेगळा काढून मगच सेलचा हिशेब मांडावा लागतो.

मूल्यमापनासाठी फाइल जमा करून घेऊन गुण देणं निरर्थक आहे, फाइल एकमेकांकडे फिरते. दोन गोष्टी करा. एक, मुद्दाम दोष पेरलेली शीट द्या: सेल्सियस-केल्व्हिनची गल्लत, एखाद्या ओळीत सुटलेलं डॉलर चिन्ह, शेवटच्या कॉलमला चुकीची कड. आलेख वरवर ठीक दिसायला हवा. दोष कुठे आहे आणि तो कसा पकडला, हे लिहून द्यायचं. पकडण्याच्या रीतीला गुण जास्त. दोन, तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्या शीटमधला मधलाच कुठलातरी सेल निवडा आणि विचारा: हा आकडा वरच्या आकड्यापेक्षा मोठा का आहे? "सूत्र तसं आहे" हे उत्तर पुरेसं मानू नका. डावीकडून किती आले, उजवीकडे किती गेले, आणि डावीकडचा उतार उजवीकडच्यापेक्षा तीव्र असल्यामुळे इथे साठा वाढला, असं जो बोट ठेवून सांगतो, त्याला फिकचा दुसरा नियम कळला आहे. मग त्याला समीकरण आठवत नसलं तरी गुण द्या.